धोंड्याच्या महिन्यातले मोजे

यंदा धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला. पंचांगात त्याला अधिक मास म्हणतात, पण आमच्या सांगली-साताऱ्याकडे तो धोंडाच, आणि धोंडा म्हटला की जावई. तीन वर्षांनी येणारा हा जादाचा महिना खरं तर देवाधर्माचा. त्यात चैन मात्र जावयांची होते. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पाटावर उभं करून त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, आणि निघताना अनारशांच्या ताटावर दिवा लावून ते हातात द्यायचं. गेल्या आठवड्यापासून विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत रोज कुणाचा तरी जावई कडक इस्त्रीच्या कपड्यांत जिना उतरताना दिसतो. कपाळाला कुंकू, हातात पिशवी, अंगाला तुपाचा वास, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी कमावलंय असा भाव. मी बाजूला होऊन त्याला वाट देतो आणि त्याच्या पायांकडे बघतो. हल्ली मला माणसांचे पायच आधी दिसतात.

माझे पाय कुणाला दिसू नयेत याची मात्र मी गेली पाच वर्षं काळजी घेतली. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आत मला मोजे चढवावे लागतात. साधे नव्हेत, कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज म्हणतात ते, घोट्याला घट्ट आणि गुडघ्यापर्यंत थोडे थोडे सैल होत जाणारे. आधी पोटरीला पावडर फासायची, पावलावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालायची म्हणजे कापड घसरतं, मग मोजा टाचेपर्यंत उलटा करून दोन्ही हातांनी वर ओढायचा, आणि मोज्याच्या बोटांकडच्या उघड्या टोकातून पिशवी काढून घ्यायची. हिवाळ्यात पाच मिनिटं लागतात. मे महिन्यात, पावडर उडू नये म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत पुसत पंधरा. माझी बायको वैशाली तेवढ्यात चहा करते, दोन फोन उरकते आणि दारातून विचारते, "झाली का कुस्ती?"

मी हायस्कूलचा मास्तर. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो, आणि खुर्चीत बसून शिकवणाऱ्यांची टिंगल केली. त्या उभं राहण्याचा पायांनी सूड घेतला. संध्याकाळी घोटे असे सुजायचे की बोटानं दाबलं तर खळगा पडायचा, आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शिरांमध्ये झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की वर चढलेलं रक्त पुन्हा खाली उतरतं आणि घोट्याशी साचतं. बाहेरून दाब दिला की त्याला वर जायला मदत होते. "रोज घाला, कंटाळू नका," ते म्हणाले. फळ्यावर मी याहून बरं चित्र काढलं असतं, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

मोजे मी सांगलीत घेतले नाहीत. इथल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात माझा एखादा माजी विद्यार्थी उभा असतो. मिरजेतच घेतले. दुकानातली मुलगी टेप घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "काका, पँट वर घ्या." तिनं घोटा मोजला, पोटरी मोजली, आणि खोकं काढून दिलं. "यात पुरुषांचे वेगळे असतात का?" मी हळूच विचारलं. "पायाला काय पुरुष न बाई, काका," ती म्हणाली. रंग कातडीचा होता. म्हणजे कुणा गोऱ्या बाईच्या कातडीचा. घरी येऊन दार लावून आरशासमोर उभा राहिलो, तर माझ्या काळ्या मांड्यांखाली दोन गोरे, गुळगुळीत पाय दिसले. लहानपणी जत्रेतल्या तमाशात लुगडं नेसून नाचणारा बाप्या पाहिला होता. त्याची आठवण आली, आणि मी ते मोजे काढून कपाटात फेकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले, कारण पाय ठणकत होते. महिनाभरात ते हलके झाले. शाळा सुटल्यावर मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागलो. हे मुद्दाम सांगतो आहे: मोज्यांनी गुण येतो हे मला माहीत होतं. तरी वरून मी काळे साधे मोजे घालायचो, पँट बूट झाकेल इतकी लांब शिवून घेतली होती, आणि वाळत टाकायचे ते बाथरूममध्ये, टॉवेलाच्या आड. जिथं बूट काढून मांडी घालून बसायचं असेल तिथलं जाणं मी टाळू लागलो. वैशालीला शपथ घातली की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, तिच्या माहेरी तर नाहीच. "चष्मा लागला तेव्हा नाही लाजलात," ती म्हणाली. चष्म्याचं वेगळं असतं. चष्म्यानं मास्तर अधिकच मास्तर दिसतो.

माझी सासुरवाडी रहिमतपूरची. आमच्याकडे सासू-सासऱ्यांना मामी-मामा म्हणतात. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी शेतात उतरले, ते ऊस आणि आलं यांच्यातच रमले. ताठ माणूस. भावकीत कुणाचं ऐकायचे नाहीत, पण माझं ऐकायचे. माझं शिक्षण, माझं बोलणं, व्यासपीठावर हातवारे न करता बोलायची माझी सवय, सगळ्याचं त्यांना फार कौतुक. वयानं एवढे मोठे, पण मला नावानं कधी हाक मारली नाही. "सर" म्हणायचे. वर्तमानपत्रातली एखादी बातमी खरी की खोटी हेसुद्धा मला फोन करून विचारायचे. अशा माणसासमोर आपण लहान दिसू नये असं मला वाटायचं, आणि त्यासाठी मी काय केलं ते आता सांगतो.

मागचा धोंडा श्रावणात आला होता. त्या महिन्याची हवा अजून नाकात आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आल्याच्या हिरव्यागार सऱ्या, मधेच पावसाची सर, मधेच ऊन, ओल्या पोत्यांचा वास, आणि मामींच्या स्वयंपाकघरातून येणारा खसखशीचा आणि तुपाचा वास. आम्ही पोचलो तेव्हा मामी अनारसे तळत होत्या. वैशाली आणि आमची मुलगी मुक्ता बाहेर भावकीत रमल्या, तसं मामींनी मला खुणेनं आत बोलावलं. पदराला हात पुसून कपाटातून एक खोकं काढलं. मी ते लांबूनच ओळखलं. तीच कंपनी, तोच रंग, माप तेवढं माझ्याहून एक मोठं.

"आवं सर, ह्यांच्या पायाला लय सूज येतीया," मामी म्हणाल्या. "साताऱ्याच्या डॉक्टरनं ह्ये मोजं दिल्यात. सा म्हयनं झालं, खोकं फोडलं न्हाई. बायकांचं हाय म्हणत्यात. वैशी सांगून दमली, मी दमले. तुमी सांगा की. तुमचं आयकत्यात ते."

खोकं माझ्या हातात होतं, आणि त्या क्षणी माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर तेच मोजे होते. पँट चार बोटं वर घेतली असती तर पुढचा सगळा लेख लिहायची वेळ आली नसती. "बघतो मामी," मी म्हणालो आणि खोकं परत दिलं.

तिथून मी बाथरूममध्ये गेलो. पाय धुण्याच्या आधी मोजे काढून खिशात घालायचे, असं आधीच ठरलं होतं. पण मोजे काढले तरी गुडघ्याखाली त्यांचा वळ उठलेला असतो, आणि शिरा तर असतातच. भावकीतल्या वीस-पंचवीस माणसांसमोर परातीत उभं राहायचं. कुणीतरी विचारणारच, सर, पायाला काय झालं? मी बाथरूमच्या आरशात बघितलं, आणि पाच मिनिटांत एक भाषण तयार केलं. वक्तृत्व स्पर्धेसाठी पोरांना लिहून देतो तसं. सुरुवात, मधला चढ आणि शेवट.

बाहेर पाट मांडला होता, भोवती रांगोळी, पितळी परात, तांब्या. मामा पांढरा सदरा घालून उकिडवे बसले होते. मामींच्या हातात नवा टॉवेल होता, दुकानातली घडीही न मोडलेला. मी पाटापाशी उभा राहिलो आणि हात जोडले. "मामा, मामी, मला माफ करा," मी म्हणालो. "तुम्ही मला आईवडिलांच्या जागी. वडीलधाऱ्यांनी वाकून धाकट्याचे पाय धुवायचे, ही रीत मला पटत नाही. आजपासून मी ती थांबवतो." आणि वाकून दोघांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "वा, सर!" मामांचे डोळे भरून आले. त्यांनी मला उठवून छातीशी धरलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "ह्याला म्हणत्यात शिकल्याला मानूस." मामींनी टॉवेल होता त्याच घडीवर पुन्हा कपाटात ठेवून दिला.

त्यातलं वाक्य न् वाक्य चांगलं होतं. माझा तसा विश्वासही असेल, नाही असं नाही. पण त्या दिवशी ते मी विश्वासानं बोललो नव्हतो. चोर जसा पळताना वाटेतल्या गोठ्यातली काठी उचलून गुराखी होतो, तसं मी तत्त्व उचललं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी कदाचित स्वतःवर हसलो असतो. पण पंगत बसली. धोंड्यांवर तुपाची धार पडली, गरम पुरणाची वाफ नाकात गेली, सगळे खुशीत आले. वाढता वाढता मामी माझ्यासमोर थांबल्या. त्यांनी धीर करून, सगळ्यांदेखत म्हटलं, "सर, सांगा की ह्यास्नी त्ये मोज्याचं."

मामांनी हात हवेत उडवला. "आलं का पुन्ना! सर, तुमीच सांगा. आता म्या ह्या वयात बायकांवानी मोजं घालून शिवारात हिंडू व्हय?"

पंगत माझ्याकडे बघत होती. मामाही बघत होते. खरंच विचारत होते ते. मी घास गिळला आणि म्हणालो, "काय हो मामी, या वयात मामांना नटवून कुठं नाचायला पाठवताय?"

हशा असा उठला की पलीकडच्या घरातली माणसं डोकावली. एकाला ठसका लागला. मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा! सर बोललं! संपला इषय!" मीही हसत होतो, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, आणि मांडी घातल्यामुळे माझ्या गुडघ्यांखाली मोज्याची पट्टी रुतत होती. आरशात मला माझ्या पायांत जे दिसलं होतं, तेच मी मामांच्या अंगावर फेकलं होतं. वैशाली वाढणाऱ्यांत होती. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

परतीच्या वाटेवर कराड ओलांडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मागे मुक्ता झोपली होती, काचेवर पाऊस होता. मग वैशाली म्हणाली, "बोललात छान." मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या महिन्यात मुक्तानं शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत "माझे बाबा" या विषयावर भाषण केलं. पाटासमोर हात जोडून उभा राहिलेला जावई, रडणारे आजोबा, सगळं त्यात होतं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. भाषणाची वही तिनं आधी मला तपासायला दिली होती, आणि मी लाल पेननं दोन वेलांट्या दुरुस्त करून ती परत केली. त्या दोन वेलांट्या मला अजून आठवतात.

त्या दिवाळीला रहिमतपूरला गेलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीला कातडीच्या रंगाचं काहीतरी लोंबत होतं. मामांचा मोजा होता तो, लसणाच्या कांद्यांनी गच्च भरलेला. "लय चिवट कापड हाय बगा," मामी म्हणाल्या. सगळे हसले. त्यात मीही होतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात उसाची तोड चालू असताना मामांच्या घोट्याला उसाचं खोडकं लागलं. एवढंसं. माझ्या शाळेतल्या पोराला लागलं असतं तर हळद लावून चार दिवसांत खपली पडली असती. पण सुजलेल्या पायावरची ती जखम मिटेचना. आधी ओली राहिली, मग कडेनं कातडी काळी पडली, मग पसरली. मामांनी दोन महिने ती धोतराच्या सोग्याखाली लपवली. साताऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वैशाली सोबत होती. डॉक्टर म्हणाले, सूज होती तेव्हाच मोजे घातले असते तर कदाचित इथवर आलं नसतं. वैशालीनं ते वाक्य घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मी त्यातला "कदाचित" तेवढा उचलून घेतला. रात्रंदिवस तो शब्द मी जवळ बाळगला. त्या शब्दाचा आपल्याला आधार वाटावा, याचीही आता लाज वाटते.

जखम कधी भरत आली, कधी पुन्हा फुटली, अशी दोन वर्षं गेली. या काळात मी मामांना संत्री नेली, डॉक्टरांना फोन केले, मलमं पाठवली. शाळेत मुलं असं करतात. गृहपाठ केलेला नसला की फळा पुसून देतात, डस्टर झटकून आणतात, बाईंना पाणी आणून देतात. मला ते बरोबर ओळखू येतं, आणि मी त्यांना फळा पुसू देतो, पण वही मागतोच. माझी वही मागणारं कुणी नव्हतं. एकदा वैशालीनं विचारलं, "माझ्या शपथेचं काय करायचं आता?" मी म्हणालो, "योग्य वेळी बघू." ती म्हणाली, "तुमची योग्य वेळ पंचांगात आहे का?"

मग या वैशाखात मामींचा फोन आला. धोंड्याचं बोलावणं होतं, पण आवाज बोलावण्याचा नव्हता. "सर, डॉक्टरनं आता रोज पायाला घट पट्टी बांधायला सांगितलीया," त्या म्हणाल्या. "जखम भरली की मग कायमचं मोजं. ह्ये सकाळी बांधू देत्यात आन दुपारपतुर सोडून टाकत्यात. काय म्हणलं की म्हणत्यात, सर काय बोललं हुतं? नाचायला पाठीवतीस व्हय मला? तीन वर्सं झाली, त्योच इनोद. आता जखम आत चालली तर पायावर बेतंल म्हणत्यात." मग त्या म्हणाल्या, "तुमास्नी बोल लावत न्हाई मी. तुमी आपलं हसण्यावारी न्हेलं हुतं."

फोन ठेवला आणि मी पलंगावर बसून राहिलो. शाळेला सुट्टी होती, खाली कुणीतरी आंब्याच्या पेट्या उतरवत होतं, आढीच्या गवताचा गोड वास वर येत होता. मामा माझ्या वाक्याआड लपून बसले होते. ते वाक्य मी माझे पाय झाकायला केलं होतं, आणि आता ते त्यांच्या उघड्या जखमेवर पडून होतं. ज्या गोष्टीची मी एवढी लाज बाळगली तिनं कुणाचं काहीच बिघडवलं नव्हतं. उलट माझे पाय वाचवले होते. आणि ज्या दोन गोष्टींसाठी मला शाबासकी मिळाली, ते भाषण आणि तो विनोद, त्यांनी हे केलं. इतकी वर्षं पोरांना काय लाज वाटायला हवी आणि काय नको, हे मी शिकवत आलो. मला स्वतःला ते उलटं समजलं होतं.

गेल्या रविवारी आम्ही गेलो. पुण्याच्या कॉलेजातून मुक्ताही आली होती. या वेळी रहिमतपूर वेगळं होतं. रान तापलेलं, सऱ्या नांगरून उघड्या पडलेल्या, घरात आमरसाचा वास, आणि त्याच्याखाली जंतुनाशकाचा. मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते, डावा पाय स्टुलावर. पट्टी सोडलेली होती, जखमेवर नुसती गॉजची पांढरी घडी चिकटवलेली. एवढा ताठ माणूस खुर्चीत मावेल इतका झाला होता. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. शेजारी बसलेल्या नव्या सोयऱ्याला ते सांगू लागले, "हे आमचं सर. ह्यास्नी पाय धुतल्यालं चालत न्हाई. तत्त्व हाय त्यांचं. जेवायला यायचं, पर पाय धुवून घ्यायचं न्हाई."

मुक्ता हसून म्हणाली, "माझं बक्षीस त्यावरच आहे, आजोबा."

पाट, परात, काही मांडलंच नव्हतं. मी दारातूनच आत बघून म्हणालो, "मामी, परात आणा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वैशालीनं काही न विचारता कोपऱ्यातली परात उचलली.

मी मामांच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची घेऊन बसलो. बूट काढले. काळे मोजे काढले. मग पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर केले. मुक्ता जवळ आली होती, सोयरा मान पुढं काढून बघत होता. या वेळी मी भाषण तयार केलं नव्हतं.

मामा कितीतरी वेळ माझ्या पोटऱ्यांकडे बघत होते. "ह्ये तर त्येच हाईत," ते म्हणाले.

"हो मामा."

"कवापास्नं घालताय?"

"पाच वर्षं झाली."

त्यांनी मनात हिशेब केला असावा. "म्हंजी तवा बी हुतं? त्या धोंड्याला?"

"तेव्हाही होते. ते दिसू नयेत म्हणूनच मी पाय धुवू दिले नाहीत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, मामा. मला लाज वाटली."

मुक्ता एक पाऊल मागे सरली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"आन गुण येतो ह्येनं?" मामांनी विचारलं.

"येतो. मला आला."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग मामा अगदी साध्या आवाजात, पोरानं शंका विचारावी तसं म्हणाले, "मग हसला कशापायी?"

सव्वीस वर्षांत वर्गात मला न आलेलं उत्तर मी कधी कबूल केलं नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या ओसरीवर मी नुसता वाकून मोजे सोलायला लागलो. दाबाचे मोजे झटकन निघत नाहीत, उलटे करत करत खाली आणावे लागतात, आणि तेवढा सगळा वेळ सगळे बघत होते. शेवटी दोन्ही पाय उघडे झाले, शिरा, वळ, सगळ्यांसकट.

"परात हिकडं घे," मामा मामींना म्हणाले.

"आवं, तुमास्नी वाकता येतंय का..."

"घे म्हणतो न्हवं."

त्यांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला, खुर्चीच्या कडेला सरकले आणि जमेल तेवढे वाकले. मी नको म्हणणार होतो, पण माझं नको म्हणणं या घरात एकदा फार महागात पडलं होतं. मामींनी पाणी ओतलं. मामांनी माझी टाच तळहातात घेतली आणि चोळून धुतली, मग बोटांच्या सांदी, मग घोटा. फौजेतल्या माणसाचे हात. कोपरा न् कोपरा साफ. गुडघ्याखालच्या वळापाशी त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तो हलकेच दाबला. "हितं दुखतं का?"

"दुखतं," मी म्हणालो. ते मी वैशालीलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली आणि पाय पुसले. मग सरळ होऊन, श्वास जागेवर येऊ देऊन, मामींना म्हणाले, "माझी पट्टी आण. तुजा हात ढिला पडतोय. सर बांधत्याल, त्यास्नी ठावं हाय."

मामींनी आधी जखमेवरची घडी बदलली. मी बाजूला बघणार होतो, पण बघितलं. एवढंसं लागलं होतं असं दोन-अडीच वर्षं मी म्हणत आलो. ते आता माझ्या तळहाताएवढं होतं. कडा काळ्या, मधे लाल, ओलं. मामांनी पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्याचं वजन मला वाटलं होतं त्याहून कमी भरलं. मी बोटांपासून सुरुवात केली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा घेत, घोट्याला घट्ट, वर थोडा सैल. मामा एकदाही कण्हले नाहीत. मी खाली मान घालून बांधत राहिलो. पट्टी गुडघ्याशी संपली, मी टोक खोचून चिकटपट्टी लावली, तरी तो पाय मांडीवरून खाली ठेवायला माझे हात धजेनात, कारण तो ठेवला की मला वर बघावं लागणार होतं.